औषध म्हणून आलेला धूर : चिनी वैद्यक आणि धूम्रपान सोडवण्याच्या उपचारांचा इतिहास

धूम्रपान सोडू पाहणाऱ्याच्या कानात बारीक सुया टोचणे, किंवा बाह्यकर्णाच्या ठरावीक जागांवर एका वनस्पतीचे टणक बी चिकटपट्टीने बसवून ते दिवसातून अनेकदा दाबायला सांगणे, हा उपचार आज हाँगकाँगपासून न्यूयॉर्कपर्यंत अनेक दवाखान्यांत मिळतो आणि जवळजवळ सर्वत्र तो हजारो वर्षांच्या चिनी परंपरेचा वारसा म्हणून ओळखला जातो. ही ओळख तपासून पाहण्यासारखी आहे, कारण तंबाखू ही मुळात अमेरिका खंडातील वनस्पती असून ती चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचली, म्हणजे चिनी वैद्यकाचे पायाभूत ग्रंथ रचले गेल्यानंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी. ज्या व्यसनाचे नावही प्राचीन आचार्यांनी ऐकले नव्हते त्यावर त्यांनी उपचार सांगितला असणे शक्य नाही. चिनी वैद्यकाचा तंबाखूशी आलेला संबंध तीन टप्प्यांत उलगडतो : प्रथम त्याने तंबाखूला औषध म्हणून स्वीकारले, नंतर तिचे अपाय नोंदवले, आणि अगदी अलीकडे, अफूच्या व्यसनावरील प्रयोगांच्या वाटेने, ती सोडवण्याचे तंत्र घडवले. या तंत्राच्या चाचण्या गेली चाळीस-पन्नास वर्षे चालू आहेत; मात्र त्यांत पारखली गेलेली वस्तू प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्या चाचण्यांच्या निष्कर्षांचा नीट अर्थ लागत नाही.

तंबाखू चीनमध्ये आली ती मुख्यतः फिलिपाइन्समधील लुझॉन बेटावरून, फूजियान प्रांताच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांबरोबर. स्पॅनिश जहाजांनी ती मेक्सिकोतून तेथे आणली होती. ली शिझेन यांनी १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या आणि १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या ‘बेन्साओ गांगमू’ या औषधिद्रव्यांच्या महाकोशात तंबाखूचा उल्लेख नाही. परंतु १६२४ च्या सुमारास झांग जिएबिन या नामवंत वैद्याने रचलेल्या ‘जिंगयुए छुआनशू’ या ग्रंथात ती द्रव्यगुणाच्या प्रकरणात सन्मानाने दाखल झालेली दिसते. चिनी वैद्यक प्रत्येक द्रव्याची गणना त्याच्या रसावरून, त्याच्या उष्ण वा शीत प्रकृतीवरून आणि ते शरीरातील कोणत्या मार्गांत शिरते यावरून करते. या पद्धतीने झांगने तंबाखूला तिखट, उष्ण आणि शुद्ध ‘यांग’ गुणाची, म्हणजे ऊब, गती आणि प्रसरण यांचे बळ असलेली, ठरवले. तिचा धूर क्षणात सर्वांगी पसरतो, थंडी आणि ओल यांनी जडावलेले शरीर मोकळे करतो आणि दलदलीच्या प्रदेशातील विषारी हवेचा प्रतिकार करतो, असे त्याचे मत होते. या मताच्या पुष्ट्यर्थ त्याने युन्नान प्रांतातील एका लष्करी मोहिमेची हकिकत दिली आहे : सारे सैन्य रोगट मुलखात शिरून आजारी पडले असता एकच तुकडी धडधाकट राहिली, आणि चौकशी करता त्या तुकडीतील सगळे शिपाई धूर ओढतात असे आढळले. धुराने भोवळ आल्यास थंड पाण्याचा एक घोट घ्यावा आणि जीव घाबरा झाल्यास पांढरी साखर खावी, असा उताराही तो सांगतो.

या हकिकतीतील तर्काची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. एका गटाने एक गोष्ट केली, इतरांनी केली नाही, आणि परिणामात फरक दिसला, यावरून त्या गोष्टीचा गुण ठरवण्यात आला. दोन गटांत आणखी कोणते भेद होते, हा प्रश्न विचारला गेला नाही. अपरिचित वनस्पती जुन्या चौकटीत बसवताना जवळजवळ त्याच काळात भारतातही असाच पेच उभा राहिला होता. विजापूरच्या दरबारातून १६०५ च्या आसपास परतलेल्या असद बेगने अकबरापुढे तंबाखू आणि चिलीम ठेवली, तेव्हा आपल्या ग्रंथांत जिचे वर्णन नाही ती वस्तू बादशहाला कशी देऊ द्यावी, असा आक्षेप दरबारी हकिमाने घेतला होता. चिनी वैद्यांनी हा आक्षेप फारसा घेतला नाही. गुणांची भाषा पुरेशी लवचीक असल्याने नवी वनस्पती तीत सामावून गेली. आणि १६३० च्या दशकात मिंग दरबाराने व मांचू प्रमुख हाँग ताइजी याने, दोघांनीही, तंबाखूवर बंदी घालून पाहिली, तरी शेतकरी, शिपाई आणि व्यापारी यांच्या हातून ती सुटली नाही.

वैद्यांचा सूर मात्र हळूहळू बदलत गेला. सतराव्या शतकातील विद्वान फांग यिझी याने ‘वूली शियाओशी’ या निसर्गविषयक टिपणांच्या संग्रहात तंबाखू ओल घालवते हे मान्य केले, पण दीर्घकाळ सेवन केल्यास फुप्फुसे करपतात आणि मग बहुतेक औषधे लागू पडत नाहीत, असेही नोंदवले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात झाओ शुएमिन याने ली शिझेनच्या महाकोशाला पुरवणी जोडताना तंबाखूच्या अपायांची चर्चा केली आणि तिच्यात एका परिचिताची हकिकत समाविष्ट केली, जी धूम्रपान सोडण्याच्या वैद्यकीय इतिहासात महत्त्वाची मानली पाहिजे. हा परिचित लिनआन येथे झाओबरोबर एकाच ठिकाणी राहत होता. रोज सकाळी त्याला खोकल्याची उबळ येऊन दाट कफ पडे, वर्ष उलटले तरी गुण येईना, आणि हा औषधांच्या आवाक्यापलीकडचा जुनाट विकार आहे असे झाओने धरून ठेवले होते. एके दिवशी त्या माणसाने अचानक धूम्रपान थांबवले. महिन्याभरात सकाळचा खोकला गेला, कफ थांबला, तरतरी आली आणि भूक दुपटीने वाढली. येथे सुई नाही, काढा नाही, मात्रा नाही. कारण दूर झाल्यावर रोग दूर होतो एवढेच निरीक्षण आहे. अभिजात चिनी वैद्यकाने तंबाखूविषयी दिलेली सर्वांत भक्कम साक्ष हीच आहे, आणि ती कोणत्याही उपचाराच्या बाजूची नाही.

सोडण्यासाठी मदत लागते, ही जाणीव चिनी वैद्यकाला तंबाखूने नव्हे तर अफूने करून दिली. अफू चीनमध्ये प्रथम तंबाखूत मिसळून ओढली जात असे आणि १७२९ मध्ये यूंगझेंग सम्राटाने काढलेला पहिला मनाईहुकूम अशा मिश्रणाच्या विक्रीविरुद्धच होता. पुढे शुद्ध अफू ओढण्याची रीत पसरली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंगालच्या अफूबरोबर माळव्याची अफूही मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरातून कँटनकडे जाऊ लागली. त्या व्यापारातून उभ्या राहिलेल्या संपत्तीने मुंबईच्या जडणघडणीला मोठा हातभार लावला, आणि तिचे दुसरे टोक चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील व्यसनात होते. या व्यसनावर १८३३ च्या सुमारास छिंगपू येथील वैद्य ह छीवेई याने उपायांची एक पुस्तिका तयार केली. त्याच्या उपायांचा आधार घेऊन लिन झेशू याने १८३८ मध्ये सम्राटाकडे पाठवलेल्या निवेदनात अफू सोडवण्याचे नुस्खे जोडले. हाच लिन १८३९ मध्ये कँटनला शाही आयुक्त म्हणून आला, त्याने वीस हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली, आणि त्यातून पहिल्या अफूयुद्धाला तोंड फुटले.

लिनने पुरस्कारलेल्या नुस्ख्यांत दोन प्रकारच्या गोळ्या होत्या. पहिल्या गोळीत जिनसेंगसारख्या बलवर्धक द्रव्यांबरोबर ओढलेल्या अफूची राख असे, आणि ती चालू असताना आंबट खाण्यास सक्त मनाई असल्याने तिचे नावच ‘आंबट वर्ज्य गोळी’ असे पडले होते. दुसरी गोळी शरीराचे बळ भरून काढणारी असून तिच्यात अफूचा अंश नसे. रुग्णाने प्रथम पहिल्या प्रकारच्या गोळ्यांवर स्थिर व्हायचे, मग रोज त्यांतील एक गोळी कमी करून तिच्या जागी दुसऱ्या प्रकारच्या दोन घ्यायच्या, आणि अशा रीतीने अफूची मात्रा शून्यावर आणायची, असा क्रम होता. व्यसनाचे द्रव्य वेगळ्या रूपात, मोजून आणि उतरत्या क्रमाने देण्याचे हे तत्त्व आधुनिक निकोटिन-उपचाराच्या तत्त्वाशी जवळचे नाते सांगते. तथापि या तत्त्वात एक धोका दडलेला होता आणि तो लवकरच उघडा पडला : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिनी बाजारपेठेत अफू सोडवणाऱ्या गोळ्यांचा सुळसुळाट झाला, त्यांपैकी अनेकींत मॉर्फिन असे, आणि मिशनरी दवाखान्यांनी सद्‌हेतूने वाटलेल्या मॉर्फिनला काही ठिकाणी लोक ‘येशूची अफू’ म्हणू लागले. उपचारानंतर रुग्ण खरोखर मुक्त झाला की केवळ एका व्यसनावरून दुसऱ्यावर गेला, हे पडताळण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती.

विसाव्या शतकात दृश्य पालटले. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश अमेरिकन टोबॅको कंपनीने शांघायला केंद्र करून यंत्रावर वळलेली सिगारेट चीनच्या खेड्यापाड्यांत नेली, आणि लांब नळीची चिलीम व पाण्याची गुडगुडी हळूहळू मागे पडली. त्याच काळात चिनी वैद्यक स्वतःच्या अस्तित्वासाठी झगडत होते. १९२९ मध्ये यू युनशिऊ या पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरने नानजिंग सरकारच्या आरोग्य मंडळापुढे जुने वैद्यक टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा ठराव मांडला, आणि त्याविरुद्ध देशभरातील वैद्य व औषधविक्रेते संघटित झाले. कम्युनिस्ट राजवटीने १९५० च्या दशकात या वैद्यकाला राजाश्रय दिला : १९५५ मध्ये बीजिंगमध्ये राष्ट्रीय संशोधन अकादमी, आणि १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ व छंगदू येथे महाविद्यालये स्थापन झाली. आज ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ या नावाने जे शास्त्र शिकवले जाते त्याची पाठ्यपुस्तकी मांडणी याच काळात झाली. परस्परविरोधी घराणी आणि प्रादेशिक रूढी यांतून निवड करून, शरीरशास्त्राची जोड देऊन, एक सलग पद्धती तयार करण्यात आली.

कानावरील उपचार तर याहूनही अलीकडचा आहे. सर्व नाड्यांचा संगम कानापाशी होतो, अशा आशयाचे विधान ‘ह्वांगदी नेईजिंग’ या प्राचीन ग्रंथात सापडते खरे, परंतु बाह्यकर्णावर संपूर्ण शरीराचा नकाशा असतो ही कल्पना त्यात नाही. ती फ्रान्समधील ल्यों शहरातील डॉक्टर पॉल नोजिए याची आहे. कंबरेपासून पायात जाणाऱ्या कळेवर एका बिगरडॉक्टर उपचारकर्तीने कानावर डाग दिलेले आणि त्याने बरे वाटलेले काही रुग्ण त्याच्या पाहण्यात आले. त्यावरून विचार करत त्याने बाह्यकर्णावर उलट्या गर्भाची आकृती कल्पिली आणि १९५७ मध्ये ती प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी तिचा चिनी अनुवाद झाला, नानजिंगच्या लष्करी वैद्यकीय पथकाने दोन हजारांवर रुग्णांवर तो नकाशा पडताळून पाहिला, आणि थोडक्या प्रशिक्षणावर खेड्यांत उपचार करणाऱ्या ‘अनवाणी डॉक्टरां’च्या काळात, स्वस्त आणि शिकायला सोपा म्हणून, कानाचा उपचार चिनी दवाखान्यांत स्थिरावला. काही वर्षांत त्याचे फ्रेंच मूळ लोकांच्या विस्मरणात गेले.

या नव्या तंत्राची व्यसनाशी गाठ पडली ती हाँगकाँगमध्ये. १९७२ च्या अखेरीस कौलून भागातील क्वाँग वा रुग्णालयात मेंदूचे शल्यविशारद एच. एल. वेन विजेच्या सौम्य प्रवाहाची जोड दिलेल्या सुयांनी वेदना शमवण्याचे प्रयोग करत होते, तेव्हा शस्त्रक्रियेची पूर्वतयारी चालू असलेल्या एका अफूबाज रुग्णाने तलफेचा त्रास ओसरल्याचे सांगितले. हे मुळात शोधायला घेतलेले नव्हते. परंतु वेन आणि त्यांचे सहकारी एस. वाय. सी. च्युंग यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९७३ मध्ये अफू व हेरॉइनच्या ४० व्यसनाधीनांवरील अनुभव प्रसिद्ध केला. त्यात कानावरील ‘फुप्फुस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बिंदूचा वापर होता, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. याच सुमारास अमेरिकेत सुई-उपचाराविषयी मोठे कुतूहल जागे झाले होते : जुलै १९७१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे जेम्स रेस्टन यांच्यावर बीजिंगमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतरचा त्रास सुयांनी कमी झाल्याचे त्यांनी लिहिले, आणि पुढच्या फेब्रुवारीत अध्यक्ष निक्सन चीनला गेले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील लिंकन रुग्णालयात पोर्टो रिकन व कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांच्या ‘यंग लॉर्ड्स’ आणि ‘ब्लॅक पँथर’ या संघटनांच्या चळवळीतून १९७० मध्ये सुरू झालेल्या व्यसनमुक्ती केंद्राने वेन यांची पद्धत उचलली, वीज काढून टाकली आणि बिंदूंची संख्या पाचावर आणली. डॉ. मायकेल स्मिथ यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संघटनेने हा पाच बिंदूंचा क्रम जगभर नेला.

तंबाखूकडे ही पद्धत वळली ती या प्रवाहाचा एक फाटा म्हणून. हेरॉइनच्या तलफेला जे लागू पडते ते निकोटिनच्या तलफेलाही लागू पडेल, असे अनुमान सहज निघाले. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिका आणि युरोपातील खाजगी दवाखान्यांत कानात बारीक सुया किंवा टाचण्या बसवून धूम्रपान सोडवण्याच्या जाहिराती दिसू लागल्या, आणि १९८१ मध्ये जेम्स ऑल्म्स या अमेरिकन डॉक्टरने मनगटाजवळ धूम्रपानावरील एक नवा बिंदू सापडल्याचे जाहीर केले. अर्थात चिनी परंपरेच्या नावाने चालणारे धूम्रपानमुक्तीचे तंत्र ल्यों, नानजिंग, कौलून आणि ब्राँक्स या चार ठिकाणांच्या संस्कारांतून सुमारे पंचवीस वर्षांत आकाराला आले होते. याचा अर्थ ते खोटे ठरते असा नाही. नव्या उपचाराचे मोल त्याच्या वयावरून ठरत नाही. पण हजारो वर्षांच्या अनुभवाने ते सिद्ध झाले आहे, हा युक्तिवाद मात्र निकालात निघतो आणि चाचणीची गरज उरते.

चाचणीची कसोटी दुसऱ्याच एका शोधाने तयार करून ठेवली होती. स्वीडनमधील ओवे फर्नो यांनी विकसित केलेल्या निकोटिनच्या च्युइंगगमला १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने मान्यता दिली आणि तंबाखू सोडवण्याच्या उपचाराला प्रथमच औषधासारखी काटेकोर परीक्षा द्यावी लागली. या परीक्षेत सहभागी व्यक्तींची विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यदृच्छेने करतात, ज्यामुळे दोन गटांतील इतर भेद आपोआप समतोल होतात. एका गटाला खरे औषध व दुसऱ्याला तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य देतात. आणि सोडल्याचे केवळ सांगणे पुरेसे न मानता श्वासातील कार्बन मोनॉक्साइड किंवा रक्त, लाळ वा लघवीतील कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटिनचे रूपांतर होऊन तयार होणारा पदार्थ, मोजतात. निदान सहा महिने सलग धूम्रपान न करणे ही यशाची किमान अट पुढे रूढ झाली, कारण पहिल्या काही आठवड्यांत सोडणारे बहुसंख्य लोक पुन्हा ओढू लागतात.

या कसोटीवर सुई-उपचार उतरवण्याचा एक मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. फ्रान्स्वाज क्लावेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६५१ धूम्रपान करणाऱ्यांची तीन गटांत विभागणी केली होती. महिन्याभरानंतर सुई-उपचाराच्या गटातील १९ टक्के, निकोटिन गमच्या गटातील २२ टक्के आणि नियंत्रण गटातील ८ टक्के लोकांनी धूम्रपान सोडलेले होते. वरवर पाहता हा सुईचा विजय होता; परंतु नियंत्रण गटाला सुईच्या तोडीचे दुसरे काहीच मिळालेले नसल्याने हा फरक सुईचा की तिच्यासोबत येणाऱ्या भेटीगाठी, अपेक्षा आणि लक्ष यांचा, हे त्यातून ठरत नव्हते. त्याच संशोधकांनी पुढच्या, सुमारे हजार जणांच्या चाचणीत खरी सुई आणि बनावट सुई, तसेच खरा गम आणि बनावट गम, अशा चारही जोड्या करून पाहिल्या, तेव्हा गमचा परिणाम काही प्रमाणात टिकला आणि खऱ्या व बनावट सुईंतील भेद मावळला.

तरीही प्रश्न मिटला नाही. ऑस्लो येथे ४६ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि २००१ मध्ये पाच वर्षांच्या पाठपुराव्यासह प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला फुप्फुसे, श्वसनमार्ग व तोंड यांच्याशी जोडलेले बिंदू आणि दुसऱ्याला स्नायू व सांध्यांशी जोडलेले बिंदू टोचले. पहिल्या गटात सिगारेटी अधिक कमी झाल्या आणि तंबाखूची चव बिघडल्याचेही आढळले, पण सहभागींची संख्या फारच लहान होती. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४१ प्रौढांच्या चाचणीत कानातील सुया आणि प्रबोधनाचे वर्ग यांची जोडी सर्वांत परिणामकारक ठरली, तर प्रबोधनाविना केवळ सुया सर्वांत मागे पडल्या. अधिकृत संस्थांचे निवाडेही एकसारखे नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नोव्हेंबर १९९७ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञ मंडळाने शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीसारख्या काही तक्रारींत सुई-उपचार गुणकारी मानला, मात्र धूम्रपान सोडवण्यात त्याचा गुण दिसत नसल्याचे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालाने तंबाखूचे व्यसन ‘परिणाम दिसला आहे, पण अधिक पुरावा हवा’ अशा वर्गात ठेवले.

विखुरलेल्या अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून या विषयाचा आढावा वेळोवेळी अद्ययावत केला. त्याचे प्रमुख लेखक एड्रियन व्हाइट हे स्वतः सुई-उपचार करणारे इंग्लिश डॉक्टर होते आणि नंतरच्या आवृत्तीत बीजिंगच्या चिनी वैद्यक विद्यापीठातील ल्यू ज्यानपिंग यांचाही सहभाग होता. त्यामुळे हा निवाडा बाहेरच्यांनी लादलेला आहे, असे म्हणता येत नाही. २०१४ च्या आवृत्तीत ३८ अभ्यास तपासून निघालेला निष्कर्ष असा की बनावट उपचाराच्या तुलनेत खऱ्या सुयांचा अल्पकाळ थोडा फायदा दिसतो, सहा महिन्यांनंतर तो ठामपणे दाखवता येत नाही, आणि निकोटिन-उपचारापेक्षा सुया कमी परिणामकारक ठरतात.

या निष्कर्षावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप बनावट सुईविषयी आहे. गोळीची नक्कल करणे सोपे असते, पण सुई टोचली तर तिचा शरीरावर काही ना काही परिणाम होतो आणि टोचली नाही तर रुग्णाला ते कळते. हायडेलबर्गच्या संशोधकांनी १९९८ मध्ये टेकवताच मुठीत मागे सरकणारी, टोचल्याचा भास देणारी बोथट सुई तयार केली. तरीही ती हाताळणाऱ्याला आपण काय करतो हे ठाऊकच असते, आणि कानाच्या पातळ कातडीवर ती नीट चालत नाही. वनस्पतीतून आलेल्या एका रेणूला ही अडचण आली नाही. पूर्व युरोपात, विशेषतः बल्गेरियात, १९६४ पासून सिगारेट सोडण्यासाठी विकल्या जाणाऱ्या, लॅबर्नम झाडापासून काढलेल्या सायटिसिनची वॉर्सात ७४० जणांवर दुहेरी अंध पद्धतीने, म्हणजे देणारा आणि घेणारा दोघांनाही खरे-खोटे ठाऊक नसताना, चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभर सोडलेल्यांचे प्रमाण ८.४ टक्के विरुद्ध २.४ टक्के निघाले आणि जुने स्वस्त औषध मान्यताप्राप्त उपचारांच्या पंक्तीत येऊन बसले. दुसरीकडे चीनमधील चाचण्यांच्या विश्वासार्हतेवर गंभीर प्रश्न उभा राहिला, कारण अँड्र्यू व्हिकर्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की चीनमधून प्रसिद्ध झालेल्या सुई-उपचाराच्या चाचण्या झाडून साऱ्या अनुकूल होत्या, आणि अपयशाचा एकही दाखला नसणे हे यशाचे नव्हे तर निवडक प्रसिद्धीचे लक्षण मानावे लागते. २००५ मध्ये छंगदू येथे स्थापन झालेल्या चिनी चाचणी-नोंदणी केंद्राने, चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची नोंद घेण्याची सोय करून, या दोषावर उपाय सुरू केला.

या साऱ्या काळात चीनमधील धूम्रपान वाढतच होते. डॉ. वेंग शिनझी यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये पाच लाखांहून अधिक लोकांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ६१ टक्के पुरुष धूम्रपान करत असल्याचे आढळले; १९८२ मध्ये स्थापन झालेले सरकारी तंबाखू महामंडळ तोवर जगातील सर्वांत मोठा सिगारेट-उत्पादक होण्याच्या मार्गावर होते. चिनी वैद्यकाचा वापर येथे सोडवण्यापेक्षा विकण्यासाठीच जास्त झाला. वनौषधींचा अर्क मिसळलेल्या सिगारेटी कमी अपायकारक म्हणून बाजारात आल्या आणि तब्येतीच्या काळजीने अनेकांनी त्या जवळ केल्या. परंतु २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सिगारेटी ओढणारे १३५ आणि साध्या सिगारेटी ओढणारे १४३ जण यांची लघवी तपासली असता कोटिनिन आणि कर्करोगकारक पदार्थांच्या खुणा दोन्ही गटांत सारख्याच निघाल्या. झांग जिएबिनने तंबाखूला औषधांच्या यादीत बसवले होते ते अज्ञानापोटी. चार शतकांनी तिला पुन्हा औषधी पेहराव चढवला गेला तो अपाय पुरते ठाऊक असताना, आणि झाओ शुएमिनने नोंदवलेल्या निरीक्षणाकडे पाठ फिरवून.

तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार चीनमध्ये जानेवारी २००६ पासून लागू झाला आणि बीजिंगमध्ये १ जून २०१५ पासून सार्वजनिक बंदिस्त जागांत धूम्रपानास मनाई झाली. हाँगकाँगमध्ये २०१० पासून पोक ओई रुग्णालय सरकारी साहाय्याने सुई-उपचार आणि समुपदेशन यांची एकत्रित सेवा चालवते आणि त्यासाठी फिरते दवाखानेही वापरते. भारतातही हे तंत्र चीनशी असलेल्या वैद्यकीय मैत्रीच्या वाटेने आले : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या १९३८ च्या भारतीय वैद्यकीय पथकात होते त्यातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये सुई-उपचार शिकून तो कोलकात्यात रुजवला, आणि लुधियानात कोटणीसांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयात तो व्यसनमुक्तीसाठी वापरला जातो.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष सुईच्या बाजूचा वा विरुद्धचा एवढाच नाही. बनावट सुया टोचलेल्या गटांतही बरेच लोक धूम्रपान सोडतात, आणि नुसत्या सुयांपेक्षा सुया व प्रबोधन यांची जोडी पुढे जाते, या दोन गोष्टी एकत्र वाचल्या तर असे दिसते की ठरलेल्या वेळी भेटणारा उपचारक, त्याने दिलेला वेळ, आणि सोडण्याचा निश्चय पुनःपुन्हा उच्चारण्याची संधी यांचा वाटा मोठा आहे. औषधाच्या चाचणीची रचना हा वाटा वजा करून उरलेला गुण मोजण्यासाठी केलेली असते, आणि उपचारकाचा स्पर्श हाच ज्या पद्धतीचा गाभा आहे तिच्या बाबतीत उरणारी शिल्लक तुटपुंजी असते. त्यामुळे कानावरील बिंदूंविषयीचे दावे आजवरच्या पुराव्याने सिद्ध होत नाहीत, हे स्पष्टपणे सांगतानाच, ज्या दवाखान्यांत निकोटिन-उपचार, औषधे आणि सल्ला यांना डावलून नव्हे तर त्यांच्या जोडीने हे उपचार दिले जातात, तेथे माणूस दवाखान्यापर्यंत येतो आणि पुन्हा पुन्हा येत राहतो, याला सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्व द्यावे लागते. पुढील संशोधनाला हाताळण्याजोगा प्रश्न आता सुई कोणत्या बिंदूवर टोचावी हा राहिलेला नसून, ती ज्या भेटीत टोचली जाते त्या भेटीतील कोणता घटक माणसाला सहा महिन्यांपलीकडे टिकवून धरतो, हा आहे.